सुगम विवरणपत्र आणि छोट्या व्यावसायिकाची वही : मलकपेठच्या संदर्भात

प्रस्तावना

मलकपेठ ही हैदराबादेतील मुसी नदीच्या दक्षिणेकडील जुनी वस्ती. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूबच्या नावावरून हे नाव पडले, असे सांगतात. येथील महबूब मॅन्शनच्या परिसरातील कृषी बाजार कांदा व लाल मिरचीसाठी ओळखला जातो. कांद्याच्या गाड्या महाराष्ट्रातूनही येतात, त्यामुळे दखनी आणि तेलुगूच्या जोडीने मराठीही या बाजारात कानावर पडते. बाजाराभोवती किराणा दुकानदार, शिंपी, टेम्पोमालक, फरशी व रंगकामाचे ठेके घेणारे कारागीर यांची दाट वस्ती आहे. कम्युनिटी कॉलेजात येणारे अनेक विद्यार्थी अशाच घरांतले असतात. घरात आलेला आयकराचा किंवा जीएसटीचा संदेश वाचून दाखवण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच येते आणि ते काम घेऊन ते शिक्षकाकडे येतात.

अशा वेळी ‘कोणता फॉर्म भरायचा?’ हा प्रश्न पहिला विचारला जातो. प्रस्तुत लेखात असे दाखवण्याचा प्रयत्न आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत छोट्या व्यावसायिकाचा स्वतःचा फॉर्म लहान होत गेला. मात्र त्याच्याविषयी इतरांनी सरकारला द्यावयाची माहिती वाढत गेली. त्यामुळे फॉर्म भरण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दोन्हीकडच्या आकड्यांचा मेळ घालण्याला आले आहे. हा मेळ घालण्यासाठी घरची वही लागते.

‘सरल’ पासून ‘सुगम’ पर्यंत

छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या जाचातून सोडवावे, ही कल्पना नवी नाही. १९९२ च्या अर्थसंकल्पात किरकोळ व्यापाऱ्यांसाठी एक योजना आली. पाच लाखांपर्यंत विक्री आणि पस्तीस हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याने वर्षाला १,४०० रुपये भरावेत व मोकळे व्हावे, अशी ती होती. पुढे १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ४४एडी आले. आज हे कलम दुकानदारांचे म्हणून ओळखले जात असले तरी मुळात ते बांधकामाचे ठेके घेणाऱ्यांसाठी व मजूर पुरवणाऱ्यांसाठी होते. चाळीस लाखांपर्यंतच्या जमेवर आठ टक्के उत्पन्न धरायचे आणि खर्चाच्या पावत्या मागायच्या नाहीत, असा त्याचा आशय होता. मालवाहू गाड्यांसाठीचे कलम ४४एई त्याच वर्षीचे. किरकोळ दुकानदारांसाठी पाच टक्क्यांचे कलम ४४एएफ १९९७ मध्ये आले. करनिर्धारण वर्ष २०११-१२ पासून ठेकेदार व दुकानदार दोघेही नव्या ४४एडीखाली एकत्र आले. उलाढालीची मर्यादा क्रमाने साठ लाख, एक कोटी व दोन कोटी झाली. वर्षाच्या एकूण जमेत रोख रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसेल, तर २०२३ च्या वित्त कायद्याने ती तीन कोटींपर्यंत नेली. बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या पैशावर आठऐवजी सहा टक्के धरण्याची सवलत करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासून आहे.

फॉर्मची नावेही बदलत राहिली. १९९८ मध्ये एका पानाचा ‘सरल’ आला. २००७ मध्ये विवरणपत्रांना आयटीआर-१ पासून क्रमांक मिळाले आणि सोबत कागद जोडण्याची पद्धत बंद झाली. २०११ मध्ये ‘सहज’ आणि ‘सुगम’ आले. तेव्हाचा सुगम म्हणजे आयटीआर-४एस. करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासून तोच आयटीआर-४ झाला, आणि त्याआधीचा हिशेबवहीवाल्यांचा आयटीआर-४ आयटीआर-३ झाला. जुन्या मार्गदर्शिका वापरणाऱ्या शिक्षकांची गल्लत नेमकी येथे होते, म्हणून हा तपशील दिला.

सरल, सहज, सुगम ही तिन्ही नावे संस्कृत आहेत. मलकपेठच्या गल्लीत ‘आसान’ म्हटले तर कोणालाही कळेल. ‘सुगम’चा अर्थ मात्र सांगावा लागतो. ही तक्रार तशी गौण आहे. फॉर्मच्या आत ‘धनको’ आणि ‘ऋणको’ शिकवताना होणारा घोटाळा त्याहून गंभीर आहे, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म

ठेकेदाराला पैसे देणारी कंपनी किंवा बांधकाम व्यावसायिक त्या रकमेतून कर कापून घेतो. ठेकेदार एकटा असल्यास हा दर एक टक्का व भागीदारी संस्था असल्यास दोन टक्के आहे. एका वेळचे देणे तीस हजारांवर किंवा वर्षाचे मिळून एक लाखावर गेले की कपात लागू होते. कापणारा दर तिमाहीस त्याचे विवरण भरतो, आणि ते ठेकेदाराच्या पॅनखाली फॉर्म २६एएसमध्ये उमटते. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, सुरू झाले. त्यात बँकेचे व्याज, मोठ्या रोख ठेवी, मालमत्तेचे व्यवहार, जीएसटीत दाखवलेली उलाढाल असे बरेच काही दिसते. सुगममध्येही जीएसटी क्रमांक व तेथे दाखवलेली उलाढाल विचारली जाऊ लागली. नोटबंदीनंतरच्या विवरणपत्रात तर ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळात भरलेल्या रोख रकमेचा वेगळा रकाना होता. अशा रीतीने व्यावसायिकाने तोंड उघडण्याआधीच त्याच्याविषयी बरेच काही लिहिलेले असते.

हे उदाहरणाने पाहू. समजा, मलकपेठमधील एका फरशी ठेकेदाराला वित्तीय वर्ष २०२४-२५ मध्ये एका बांधकाम कंपनीकडून ९,६०,००० रुपये मिळाले. सर्व रक्कम बँकेतून आली. एक टक्का म्हणजे ९,६०० रुपये कापले गेले. सहा टक्क्यांनी त्याचे अनुमानित उत्पन्न ५७,६०० रुपये धरता येते. दुसरे उत्पन्न नसेल तर त्यावर कर शून्य. कापलेला कर पंचवीस हजारांहून कमी असल्याने, इतर कारण नसल्यास, विवरणपत्र भरण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. तो भरत नाही, आणि त्याचे ९,६०० रुपये सरकारी तिजोरीत राहतात. कारागिराच्या कित्येक दिवसांची ही मजुरी आहे. विवरणपत्र भरले असते तर ती परत मिळाली असती. मुदत चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. त्यानंतर जे ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरता येते, त्यातून परतावा मागता येत नाही. याच माणसाने पॅन दिलाच नसता तर कपात वीस टक्के, म्हणजे १,९२,००० रुपये झाली असती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सहा किंवा आठ टक्के ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्षात अधिक कमावले असेल तर अधिक दाखवावे, असे कलमातच आहे. फरशी ठेकेदाराच्या हातात मजुरी व साहित्य वजा जाता दोन लाख उरले असतील, तर ५७,६०० हा आकडा सोयीचा असला तरी खरा नाही. पुढे तोच ठेकेदार मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा बँक ५७,६०० कडेच बोट दाखवते. वर्गात ही बाजू सांगितली जात नाही. करसल्लागारही ती क्वचित सांगतात.

नावाच्या हिज्ज्यांचा प्रश्न

परतावा अडण्याचे एक कारण या समाजाला विशेष लागू आहे. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरवले गेले. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही आणि कपातही चढ्या दराने होते. जोडणी होण्यासाठी दोन्हीकडचे नाव जुळावे लागते. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, मतदार यादीत ‘मोहमद’, आधारवर ‘मोहद’ आणि पॅनवर नुसते ‘एम.डी.’ असे असणे मुस्लिम घरांत नेहमीचे आहे. उर्दूत एकाच पद्धतीने लिहिले जाणारे नाव रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिले जाते. त्यात तेलुगू किंवा मराठी कारकुनाच्या उच्चाराची भर पडते. स्त्रियांच्या बाबतीत ‘बेगम’, ‘बी’, ‘फातिमा’ हे नावाचा भाग धरायचे की आडनाव, यावर दोन कार्यालयांचे मत जुळत नाही. घरी शिवणकाम करून बुटीकला माल देणाऱ्या स्त्रीचे पैसे या एका अक्षरापायी अडतात. भाषेच्या शिक्षकाने येथे वाणिज्याच्या शिक्षकाला हात द्यावा. घरातील सर्व कागदांवरील नावे एका कागदावर उतरवणे हा तासाभराचा पाठ आहे.

ज्यांना सुगम लागू नाही

मलकपेठच्या बाजारातील अडत्यांना ही योजना लागू नाही. दलाली, कमिशन किंवा एजन्सीचा व्यवसाय कलम ४४एडीतून स्पष्टपणे वगळला आहे. कांदा स्वतः विकत घेऊन विकणारा व्यापारी सुगम भरू शकतो. शेतकऱ्याचा कांदा अडतीवर विकून देणारा भरू शकत नाही. त्याला आयटीआर-३ भरावा लागतो. एकच माणूस सकाळी अडत करतो आणि दुपारी स्वतःचा माल विकतो, हे बाजारात सर्रास दिसते. अशा वेळी दोन्ही उत्पन्ने वेगळी लिहिलेली नसतील तर सल्लागारही हतबल होतो. विमा एजंटाची स्थितीही अडत्यासारखीच.

आखातातून परतलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. रियाध किंवा जेद्दा येथील बँक खाते चालू ठेवून येथे दुकान घातलेल्या निवासी व्यक्तीला सुगम चालत नाही, कारण परदेशी मालमत्ता असणाऱ्यास तो फॉर्म बंद आहे. खात्यात किती पैसे आहेत याचा प्रश्नच नाही. खाते असणे पुरेसे आहे.

दोन राज्ये, दोन मर्यादा

जीएसटीबाबत मराठी पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी सावध राहावे. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा चाळीस लाख झाली, असे ती पुस्तके सांगतात आणि महाराष्ट्रापुरते ते बरोबर आहे. ज्या थोड्या राज्यांनी तेव्हा वीस लाखांचीच मर्यादा ठेवली, त्यांत तेलंगणा आहे. म्हणजे देगलूरच्या दुकानदाराला जे लागू नाही ते मलकपेठच्या त्याच्या भावाला लागू होते. सेवांसाठी मात्र दोन्हीकडे वीस लाख.

शिवाय मालाचा प्रकारही पाहावा लागतो. ताजा कांदा करमुक्त आहे. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला कितीही विक्री झाली तरी नोंदणी लागत नाही. वाळलेल्या लाल मिरचीवर पाच टक्के कर आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा हा फरक ठळकपणे पुढे आला. दूध व भाजी विकणाऱ्यांनाही नोटिसा गेल्या होत्या. खात्यात आलेली रक्कम यंत्राला दिसते. ती कांद्याची की मिरचीची, की मेहुण्याने परत केलेल्या उसनवारीची, हे वहीच सांगू शकते.

नोंदणी झालेल्या छोट्या व्यापाऱ्यासाठी संयुक्त कर योजना म्हणजे कंपोझिशन आहे. तिची मर्यादा दीड कोटी असून व्यापाऱ्यासाठी दर एक टक्का आहे. पूर्वी तिमाही असलेला जीएसटीआर-४ हा फॉर्म २०१९-२० पासून वार्षिक झाला व दर तिमाहीस सीएमपी-०८ भरण्याची पद्धत आली. याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

चार रकाने आणि जकातीचा हिशेब

सुगम भरणाऱ्याला हिशेबवह्या ठेवण्याचे बंधन नाही, हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शिकेत असते. तरीही त्याच फॉर्ममध्ये वर्षअखेरचे चार आकडे द्यावे लागतात : लोकांचे देणे, लोकांकडून येणे, शिल्लक माल आणि हातातील रोकड. बरेच जण हे रकाने अंदाजाने भरून घेतात. तीन वर्षे ओळीने शिल्लक माल पन्नास हजार दाखवलेला असतो आणि दुकान मात्र दुप्पट वाढलेले असते.

‘धनको’ म्हणजे ज्याचे देणे आहे तो, ‘ऋणको’ म्हणजे ज्याच्याकडून येणे आहे तो. विद्यार्थी हे शब्द पाठ करतात आणि परीक्षेत उलटे लिहितात. ‘येणे’ व ‘देणे’, किंवा दखनीतले ‘लेना’ व ‘देना’, हे शब्द वापरले तर चूक होत नाही. मराठी हिशेबाची भाषा तशी या विद्यार्थ्यांना परकी नाही. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, तारीख हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले व उर्दूतही तेच आहेत. मराठी माध्यमातून न शिकलेला मलकपेठचा विद्यार्थी जमाखर्चाचे मराठी पान पाहून निम्मे समजून घेतो. या सोयीचा वापर पाठ्यपुस्तकांनी केलेला नाही.

आता जकातीचा विचार करू. जकात देणारा दुकानदार वर्षातून एकदा, पुष्कळदा रमजानमध्ये, बसून काय मोजतो? दुकानातील विक्रीचा माल, हातातील व बँकेतील रोकड, मिळण्याची खात्री असलेली उधारी. आणि त्यातून वजा करावयाचे लोकांचे देणे. सुगममधले चार रकाने हेच आहेत. ज्या घरात ‘आम्ही हिशेब ठेवत नाही’ असे सांगितले जाते, त्या घरात हा हिशेब दरवर्षी होतो. तो कागदावर उतरत नाही, किंवा उतरला तरी ईदनंतर फेकला जातो.

दोन्ही हिशेब एकच आहेत असे मात्र शिकवू नये. जकात संपत्तीवर अडीच टक्के आहे, आयकर उत्पन्नावर. जकातीसाठी विक्रीच्या मालाची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरावी, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. आयकरात खरेदी किंमत व बाजारभाव यांपैकी कमी असेल ती धरण्याची रीत आहे. जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून ते आयकराच्या वर्षाशी दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी सरकत जाते. एका वर्षी रमजान मार्चमध्ये असेल तर दोन्ही मोजण्या जवळजवळ येतात, पुढे त्या दूर जातात. जकात दिली म्हणून आयकर आपोआप कमी होत नाही, हेही सांगावे लागते. तरी मोजण्याची सवय एकच आहे. ३१ मार्चच्या रात्री दुकान बंद करताना तीच मोजणी पुन्हा केली व वहीत लिहिली, तर सुगमचे चार रकाने खरे भरले जातात. जकात मोजताना एक रुपया इकडेतिकडे होऊ नये म्हणून जपणारा माणूस सरकारी फॉर्मवर ‘काहीतरी टाका’ म्हणतो, याचे कारण बेफिकिरी असेलच असे नाही. तो आकडा कोणी वाचेल असे त्याला वाटत नाही, आणि २०२१ पूर्वीच्या अनुभवावरून हे वाटणे फारसे चुकीचेही नव्हते.

नवा कायदा, नवे वर्ष

१९६१ चा आयकर कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात ५३६ कलमे आहेत. कलम ४४एडी, ४४एडीए व ४४एई यांचा आशय नव्या कलम ५८ मध्ये एकत्र आला आहे. ठेकेदारांची करकपात १९४सी या नावाने तोंडी बसली होती. ती आता कलम ३९३ च्या तक्त्यात शोधावी लागते. कामाच्या पावत्यांवर, करारांवर जुने क्रमांक छापलेले आहेत आणि काही काळ लोक तेच बोलत राहतील.

शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत स्वागतार्ह बदल ‘कर वर्ष’ हा आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीने विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना गोंधळात टाकले. मात्र संक्रमणाच्या काळात सावधगिरी हवी. ३१ मार्च २०२६ रोजी संपलेल्या वर्षाचे उत्पन्न जुन्या कायद्याखाली, करनिर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणूनच भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ नंतरची कमाई मात्र कर वर्ष २०२६-२७ मधली. दोन्हीकडे ‘२०२६-२७’ हेच आकडे आहेत आणि अर्थ वेगळा आहे. चलनावर चुकीचे वर्ष निवडल्यास भरलेला कर भलत्याच खात्यात दिसेल.

हैदराबादला वर्षांचा गोंधळ नवा नाही. निजामी राज्याचा स्वतःचा आयकर कायदा १३५७ फसलीचा होता, आणि १ एप्रिल १९५० पासून येथे भारतीय आयकर कायदा लागू झाला. त्या काळच्या दुकानदाराला फसली, हिजरी आणि इसवी अशी तीन वर्षे सांभाळावी लागली.

वर्गातील काम

वाणिज्य किंवा किरकोळ विक्री शिकवणाऱ्या शिक्षकाने फॉर्म फळ्यावर काढण्याआधी विद्यार्थ्यांना एक साधी वही करायला सांगावी. डाव्या बाजूला तारीख व कोणाकडून किती आले. उजवीकडे रोख की बँकेतून, आणि कर कापला असल्यास किती. सहा आणि आठ टक्क्यांचा हिशेब या एका रकान्यावर उभा आहे. महिन्यातून एकदा ही पाने बँकेच्या पासबुकाशी ताडावीत, तिमाहीनंतर २६एएसशी. कापलेला कर वहीत आहे आणि २६एएसमध्ये नाही, असे आढळल्यास कापणाऱ्याला लगेच विचारावे. त्याने विवरण भरताना पॅनचे एक अक्षर चुकवलेले असते किंवा कापलेला पैसा भरलेलाच नसतो. सहा महिन्यांनी विचारल्यास तो मुकादम दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

पालकांचे खरे आकडे वर्गात आणू नयेत. घरचे उत्पन्न ही खासगी बाब आहे आणि संकोचामुळे विद्यार्थी खोटे आकडे आणतात. कल्पित दुकान द्यावे : पन्नास पोती मिरची, बारा उधारीची खाती, एक फाटलेले बिल, आणि यूपीआयने आलेले तीन हजार रुपये ज्यांचा उलगडा होत नाही. विद्यार्थ्यांनी आधी ते तीन हजार शोधावेत. सुगमचे पान त्यानंतर उघडावे.